बसलं, पण जुळलं का?

ऑइल पॅन खाली उतरवला आणि तळाच्या काळ्या गाळात हात घातला, तर बोटांना बारीक, टणक तुकडे लागले. आधी वाटलं, गॅस्केटचा सुकलेला गोंद असेल. चिंधीनं पुसून दिव्याखाली धरले तेव्हा कळलं, ते दात होते. टायमिंग गिअरचे नायलॉनचे दात. पॅनमध्ये सहा सापडले, बाकीचे ऑइल पंपाच्या जाळीत रुतून बसले होते. चेनचा आवाज होऊ नये म्हणून त्या काळी झडपा उघडणाऱ्या कॅमच्या गिअरला ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायलॉनचे दात चढवत. गाडी नवी असताना इंजिन खरंच शांत चालायचं. पण चार-पाच दशकं गरम तेलात काढल्यावर नायलॉन बिस्किटासारखं ठिसूळ होतं, एकेक दात गळून खाली पडतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीचं तोंड बुजवतो. ऑइल प्रेशरचा काटा का पडतोय, हे मी दोन महिने शोधत होतो. उत्तर माझ्या तळहातावर होतं.

गाडी १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ, जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक या घराण्याची. डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो मी, नोकरी गाड्यांच्याच धंद्यात, पण ऑफिसात जे करतो ते सगळं स्क्रीनवर. संध्याकाळी गॅरेजचं शटर वर गेलं की खरं लोखंड भेटतं. माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांच्या लेथच्या आवाजात गेलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापताना उडणाऱ्या काळ्या भुशाचा वास मला आजही ओळखीच्या माणसासारखा वाटतो.

गाडी घेतली तेव्हाच माहीत होतं की इंजिन तिचं नाही. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडावर, ५००५५७ हा ओततानाच उमटवलेला कास्टिंग नंबर होता. म्हणजे १९७५ ते ७७ या काळातला ४०० घन इंचांचा, साडेसहा लिटरहून मोठा पॉन्टिॲकचा ब्लॉक. वजन कमी करायला त्यात आतलं बीड कमी केलं होतं, म्हणून पॉन्टिॲकवाल्यांत त्याची पत जरा कमीच. त्यावर हेडं, म्हणजे सिलिंडरांची वरची झाकणं, होती ‘सिक्स-एक्स’ नंबरची, तीही सत्तरच्या दशकातली. आधीच्या मालकानं कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीतून इंजिन उचललं, माउंटला, म्हणजे इंजिनाच्या टेकूला, मधे एक जाड पट्टी घातली, बोल्ट आवळले आणि गाडी चालवली. गाडी चालत होती. चढाला दमत होती, सिग्नलला तापत होती आणि पुढचा पट्टा दर महिन्याला कड खाऊन तुटत होता.

मी फोनवर आबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बसलंय रे, पण जुळलंय का ते बघ की.”

तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. बोल्टचं भोक भोकासमोर आलं की भाग बसतो. जुळणं त्याच्या पुढे सुरू होतं.

पॉन्टिॲकच्या बाबतीत हा फरक फार फसवा आहे, कारण तिथं जवळजवळ सगळं बसतं. ३२६, ३५०, ३८९, ४००, ४२८, ४५५ अशी घन इंचांत नावं असलेली ही इंजिनं बाहेरून भावंडांसारखी दिसतात. एकाचं हेड दुसऱ्याच्या ब्लॉकवर चढतं, एकाचा हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड दुसऱ्यावर. आतली गोष्ट निराळी. ४०० चा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, मेन बेअरिंगच्या जागी ३ इंचांचा, ४५५ चा सव्वातीन इंचांचा. हेडांची बाहेरची मापं सारखी, पण आतला चेंबर, जिथं पेट्रोल जळतं तो, कुठं ७२ सीसीचा, कुठं शंभरीला टेकलेला.

जीटीओ जन्मालाच आली ती या ‘बसण्या’तून. १९६३ मध्ये पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता होते जॉन डिलोरिअन. गोष्ट अशी सांगतात की त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी पॉन्टिॲकच्याच एका मधल्या आकाराच्या टेम्पेस्ट गाडीखाली उभे असताना कॉलिन्सच्या लक्षात आलं, ३२६ च्या जागी ३८९ त्याच माउंटवर बसेल. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. तो नवीन मॉडेलला लागू होता, जास्तीचे पैसे देऊन घ्यायच्या पर्यायाला नव्हता. म्हणून जीटीओ १९६४ मध्ये मॉडेल म्हणून नव्हे, टेम्पेस्टवरचा एक पर्याय म्हणून बाजारात आली आणि त्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मसल कार म्हणून आज जिचे फोटो भिंतीवर लागतात, तिच्या मुळाशी दोन इंजिनांची सारखी माउंटं आहेत. पण त्या लोकांनी नुसतं इंजिन टाकून गाडी विकली नाही. स्प्रिंगा बदलल्या, क्लच बदलला, एक्झॉस्ट बदलला. बसवलं आणि मग जुळवलं.

इथं नवख्या माणसाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या अमेरिकन गाडीचा भाग मागायला गेलात आणि ‘तीनशेपन्नासचा द्या’ म्हणालात, तर समोरचा विचारणार, कुणाचं तीनशेपन्नास? शेव्हरोलेचं, पॉन्टिॲकचं, ओल्ड्समोबिलचं की ब्युइकचं? चारही जनरल मोटर्सचीच घराणी, चौघांकडे ३५० घन इंचांचं आठ सिलिंडरचं व्ही-एट, आणि चारही इंजिनं मुळापासून वेगळी. प्रत्येक घराण्याचे स्वतःचे अभियंते होते, स्वतःची फाउंड्री होती, स्वतःचा हट्ट होता. गिअरबॉक्सचे बोल्टसुद्धा ब्युइक, ओल्ड्स आणि पॉन्टिॲकचे एका नमुन्याचे, शेव्हरोलेचे दुसऱ्या.

यातल्या शेव्हरोलेच्या इंजिनाचं सगळं काही आजही मिळतं. पिस्टनपासून रंगवलेल्या बोल्टपर्यंत सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात, दुसऱ्या दिवशी दारात. मला कितीतरी जणांनी मनापासून सल्ला दिला की पॉन्टिॲकचं इंजिन काढ, शेव्हरोलेचं टाक, निम्म्या पैशात दुप्पट ताकद. हिशोब त्यांचा बरोबर होता. पण पॉन्टिॲकनं स्वतःची व्ही-एट इंजिनं बनवणं १९८१ मध्ये थांबवलं. २००९ मध्ये जनरल मोटर्सनं हे नावच बंद करायचं जाहीर केलं. ज्या गावात ही इंजिनं ओतली गेली ते पॉन्टिॲक गाव माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. तिथं आता ही इंजिनं कुणी ओतत नाही. जी आहेत ती एवढीच, आणि दर वर्षी त्यातली काही भट्टीत जातात. माझ्या हातात एक आलंय तर ते मी भंगारात द्यायचं, हे मला जमणारं नव्हतं.

तर शोध सुरू झाला. मला हवी होती १६ नंबरची हेडं, १९६८ च्या जीटीओवर असायची ती. आणि पुढचं टायमिंग कव्हर, आठ बोल्टच्या वॉटर पंपाचं. १९६८ पर्यंत पॉन्टिॲकचा पंप आठ बोल्टवर बसायचा, १९६९ पासून अकरा. फरक तीन बोल्टांचा वाटतो, पण त्याबरोबर पुल्या बदलतात, ब्रॅकेटं बदलतात, पट्ट्याची रेषा बदलते. माझ्या गाडीत अकरा बोल्टच्या पंपावर जुन्या ब्रॅकेटी वॉशरांच्या चवडी घालून लावल्या होत्या. पट्टा कड का खात होता, ते तिथंच समजलं.

शोधायला मी ओहायोतल्या नॉरवॉकला ऑगस्टमधल्या पॉन्टिॲकच्या मेळ्यात गेलो, पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइलला गेलो. मैदानभर ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यावर गंजलेली हेडं, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. फरक एवढाच की इथला प्रत्येक विक्रेता नंबर तोंडपाठ म्हणतो. माणसं गुडघ्यावर बसून, हातात तारेचा ब्रश आणि टॉर्च घेऊन, लोखंड वाचत असतात.

हे वाचणं मला फार आवडतं. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या भोकाजवळ एक अक्षर आणि काही आकडे उठावात असतात. अक्षर महिन्याचं, मग तारीख, शेवटचा आकडा वर्षाचा. ‘बी १२ ८’ म्हणजे १२ फेब्रुवारी १९६८. त्या दिवशी फाउंड्रीत कुणीतरी सकाळी साच्यावरची तारीख बदलली होती. आबांचे मित्र शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नवर अशाच पट्ट्या बदलायचे, मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे बर्फात गारठलेल्या एखाद्या शेडमध्ये टॉर्चच्या उजेडात ती तारीख दिसली की मला अनोळखी काही दिसत नाही.

ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली, आणखी दोन अक्षरं असतात. ती ओतलेली नसतात, पंचानं ठोकलेली असतात. त्यावरून इंजिन कुठल्या गाडीसाठी, कुठल्या गिअरबॉक्ससाठी बनलं ते कळतं. १९६८ च्या जीटीओत ‘डब्ल्यूटी’ असेल तर हाताचा गिअर, ‘वायएस’ असेल तर ऑटोमॅटिक, दोन्ही ३५० हॉर्सपॉवरची. त्याच वर्षापासून गाडीच्या चासी नंबरचा काही भागही ब्लॉकवर ठोकायला लागले. हे नंबर गाडीशी जुळले की किंमत कितीतरी वाढते. आणि म्हणूनच खोटेपणाही तिथंच शिरतो. नको ती अक्षरं घासून काढायची, हवी ती ठोकायची. मलाही एका विक्रेत्यानं हळूच विचारलं होतं, ब्लॉक देतो, तुमच्या गाडीचा नंबर सांगा, तसा ठोकून देतो. मी तिथून निघालो. माझ्या गाडीचा मूळ ब्लॉक गेला आहे, कुठं गेला कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या जागी चुकीच्या वर्षाचा पण खरा ब्लॉक मला चालतो. खोटं नाव गोंदलेला नाही चालत. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “ओतल्यालं सहजी बदलत न्हाई. ठोकल्यालं कुणीबी ठोकतंय.”

म्हणून ५००५५७ तसाच ठेवला. रोजच्या रस्त्याला तो पुरेसा आहे. मूळचे ओतीव कनेक्टिंग रॉड मात्र काढून नवे फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, घातले, त्यात तडजोड नाही केली.

१६ नंबरची हेडं एका शेतकऱ्याच्या कोठारात मिळाली, गवताच्या भाऱ्यांमागं, फळीवर पालथी. मधल्या दोन एक्झॉस्ट पोर्टांपाशी मोठ्या ठळक आकड्यात १६. मी पैसे मोजताना त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, चालवणार आहेस ना? हो म्हटल्यावर त्यांनी स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवली. एकेक हेड चांगलंच जड असतं, आणि त्यांचे हात थरथरत होते.

आता जुळणीचा खरा प्रश्न. १९६८ मध्ये या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, कंपनी १०.७५ ला १ सांगायची. त्याला लागणारं शिसं घातलेलं, चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल तेव्हा कुठल्याही पंपावर मिळायचं. १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि आमच्याकडे पंपावर चांगल्यात चांगलं मिळतं ते ९३ ऑक्टेनचं. मूळचं सगळं मूळच्यासारखं जोडलं, तर इंजिन आतून खडखडणार आणि पिस्टन फुटणार. म्हणजे अस्सल भाग अस्सल जागी बसवूनही आजच्या पेट्रोलशी जुळणार नाही.

मी हेडवर ॲक्रिलिकची काच ठेवून, रंगीत पाणी ब्युरेटनं थेंबथेंब सोडून आठही चेंबर मोजले. जेमतेम ७२ सीसी भरले. ब्लॉक ३० थाऊ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, बोअर करून घेतला होता, म्हणजे बोअर ४.१५ इंच, स्ट्रोक ३.७५. सपाट पिस्टन घातले तर हिशोब १०.१ वर जात होता. जुनी सिक्स-एक्स हेडं तशीच ठेवली असती, तर ८.४. एकीकडे खडखडाट, दुसरीकडे दम नसलेली गाडी. शेवटी माथ्यावर वाटीसारखा खळगा असलेले पिस्टन घेतले आणि आकडा ९.२ वर आणला. यात चार आठवडे गेले. ते कागदावरचे होते, एकही बोल्ट न आवळता. पण या सगळ्या कामातले तेच मला सर्वात महत्त्वाचे वाटतात.

त्या उन्हाळ्यात आई आणि आबा इकडे आले. आबा जेट लॅगच्या तिसऱ्या दिवशी गॅरेजात उभे होते. स्टँडवर उलटा टांगलेला ब्लॉक त्यांनी चारी बाजूंनी पाहिला, एका सिलिंडरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाले, “होनिंग चांगलं झालंय.” मग बाकावर पडलेली काळी, ग्रॅफाइट लावलेली दोरी उचलली. क्रँकच्या मागच्या टोकाला तेल बाहेर येऊ नये म्हणून पॉन्टिॲकमध्ये रबरी सील नसायचं, दोरी असायची. आता रबराची दोन तुकड्यांची सिलंही मिळतात, मी दोन्ही आणून ठेवली होती आणि ठरत नव्हतं.

“अरे, ही तर ग्लँडची दोरी!”

विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडमध्ये भरतात तीच. आबांनी आयुष्यात किती पंपांना ती भरली असेल याची मोजदाद नाही. त्यांनी रबराच्या सिलाकडे पाहिलंही नाही. दोरी रात्रभर तेलात भिजत ठेवायला लावली. सकाळी खाचेत अंगठ्यानं दाबून, मग एका मोठ्या गोल सॉकेटनं मधून कडेला लाटत, हलक्या हातोडीनं ठोकत बसवली. टोकं कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझ्याकडून नवं ब्लेड मागितलं, जुनं चालणार नाही म्हणाले. एका घावात कापलं. टोक खाचेच्या किंचित वर ठेवलं, केसाएवढं. एकही धागा सुटा नव्हता. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी लेथनं कधीतरी अर्धा पेर घेतलेली आहे. त्याच आखूड बोटानं ते दोरीवरून पुन्हा पुन्हा चाचपत होते.

दुसरं काम वॉटर पंपाचं. पॉन्टिॲकमध्ये पंप आणि टायमिंग कव्हर यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, पाण्याच्या वाटा वेगळ्या करणारा. पंपाचा पंखा या पत्र्याच्या जितका जवळ, तितकं पाणी जोरानं ढकललं जातं. अंतर वाढलं की पंखा पाण्यात नुसता घुसळत राहतो आणि इंजिन सिग्नलला तापतं. नव्या पंपांत बिडाच्या पंख्याऐवजी पत्र्याचे पंखे येतात, त्यांची उंचीही कधीकधी कमी असते. पंप बसतो, एक बोल्ट चुकत नाही, आणि तरी काटा वर जातो.

अंतर मोजायचं कसं? आत तर दिसत नाही. आबा स्वयंपाकघरात गेले आणि कणकेच्या चार गोळ्या घेऊन आले. पत्र्यावर चार ठिकाणी चिकटवल्या, पंख्याला तेलाचं बोट फिरवलं, गॅस्केटसकट पंप चढवून बोल्ट आवळले, पुन्हा उतरवला. चपट्या झालेल्या कणकेची जाडी व्हर्निअरनं मोजली. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. “लई झालं,” म्हणाले. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून, कडा धरून, मधला भाग हलके हलके ठोकत बाहेर काढला. पुन्हा कणीक, पुन्हा मोजणी. पाच वेळा केलं. पाव सुतावर आल्यावर पंखा हातानं फिरवून कान लावून ऐकलं, कुठं घासत तर नाही. आई दारात उभी होती. तिनं विचारलं, आणखी कणीक मळू का?

आठ बोल्टचं कव्हर जुनं, बॅलन्सर, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरची जड चकती, सत्तरच्या दशकातल्या ब्लॉकबरोबर आलेला. कव्हरवरचा काटा आणि बॅलन्सरवरची रेघ वेगवेगळ्या काळातली, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास न ठेवता पिस्टनला अडवून तो सर्वात वर पोचतो तो बिंदू आम्ही स्वतः काढला आणि नवी रेघ मारली. मॅनिफोल्डचा पुढचा लांब बोल्ट आधी ओढून घ्यायचा, पाण्याची रिंग कव्हरवर नीट दबली की मगच बाकीचे आवळायचे, हे पुस्तकात लिहिलेलं आबांना न सांगता उमगलं. हेडचे बोल्ट ९५ फूट-पौंडांवर मी आवळले. तेवढा जोर आता त्यांच्या खांद्यात नाही, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही दिसलं आणि कुणी बोललं नाही.

इंजिन चालू झालं तेव्हा ते कोल्हापूरला परतले होते. नव्या कॅमला पहिली वीस मिनिटं दोन हजार आरपीएमवर ठेवावं लागतं, तेल जस्त जास्त असलेलं लागतं, तेवढं सगळं केलं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर गेलो. १९९५ पासून तिथं दर वर्षी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत रस्ता मुंगीच्या चालीनं सरकतो. ऊन कडक होतं. बर्मिंगहॅमजवळ पाऊण तास जवळजवळ उभाच होतो. माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, तापमानाच्या काट्याकडे होतं. काटा मधे आला आणि तिथंच राहिला.

रात्री गॅरेजात गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवला. सकाळी काढून पाहिला आणि आबांना फोन लावला.

“तापली का?”

“नाही तापली.”

“दोरी?”

“एक थेंब आहे, आबा. रुपयाएवढा डाग.” मला वाईट वाटत होतं, आवाजात आलं असेल.

“मग बरोबर हाय. ग्लँडला एक थेंब पडाया पायजे. अगदी कोरडं ठेवलं तर दोरी जळती आणि शाफ्ट खाती.” मग थोडं थांबून म्हणाले, “पुठ्ठा ठेव खाली. उद्या दोन झाले तर सांग.”

पुठ्ठा अजून तिथंच आहे. मी रोज सकाळी बघतो.